ह्यांच्या पेटीतल्या सिगारी

१२ सप्टेंबर, शनिवार

गेले. बसले. परत आले. कुणी रडलं नाही, हे बरं झालं.

शिंप्यांच्या दुकानामागची खोली आज पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं दर शनिवारी दुपारी हे तिथे जात आणि कोटाला धुराचा वास लावून घरी येत. मी कोट चिमट्यात धरून बाल्कनीत टांगायची. खोलीत कापड बेतायचं लांब टेबल, त्यावर राखदाण्या, कोपऱ्यात मापाचा पुतळा — मुंडकं नसलेला, अंगात अर्धी शिवलेली बंडी. चार खुर्च्या. चौथीवर मला बसवलं.

तिघे आहेत. शिंपी, म्हणजे खोलीचे मालक. औषधवाले, नाक्यावरच्या औषधांच्या दुकानातले. आणि लिफ्ट दुरुस्त करणारे, ज्यांना सगळे इंजिन म्हणतात. धुरावरून. त्यांची बायकोसुद्धा इंजिनच म्हणते म्हणे.

त्यांचा रिवाज असा — आपल्यातला कुणी गेला की त्याच्या उरलेल्या सिगारी बाकीच्यांनी एकत्र बसून संपवायच्या. विकायच्या नाहीत, वाटून घरी न्यायच्या नाहीत. औषधवाले जूनमध्येच हे सांगायला आले होते. तेव्हा मी दार पुरतं उघडलंसुद्धा नव्हतं. आज तीन सिगारी रुमालात गुंडाळून नेल्या. पेटी घरीच. दर शनिवारी तीन आणीन, असं मी त्यांना सांगितलं.

ओढायची तऱ्हा वेगळीच! सिगारच्या कमरेची कागदी पट्टी आधी काढून टाकतात, म्हणजे नाव कळत नाही. मग पेटवायची. इंचभर जळेस्तोवर सगळे मुके. मग एकेकानं सांगायचं — चव कसली, वास कसला. नियम एकच. खोटं बोलायचं नाही. वाईट असेल तर आणणाऱ्याच्या तोंडावर वाईट म्हणायचं. खोटं बोलेल त्यानं महिनाभर राखदाण्या घासायच्या.

मला आठवलं. एकदा हे तोंड एवढंसं करून घरी आले होते. ह्यांनी हौसेनं नेलेल्या सिगारला इंजिननी 'ओला पायमोजा' म्हटलं होतं. जेवताना मग स्वतःच हसायला लागले.

आज शिंपी म्हणाले, "इस्त्रीखालचं लोकरी कापड." औषधवाले म्हणाले, "एक प्रकारचा थंडपणा आहे हो. वेगळाच." इंजिन म्हणाले, "बरी आहे."

हे सांगायचे, इंजिन कशालाच बरं म्हणत नाहीत. म्हणजे ह्यांची निवड चांगली होती तर.

१४ सप्टेंबर

नणंदेचा फोन. "वहिनी, तू म्हणे त्या धुरकट पुरुषांच्यात जाऊन बसतेस?" म्हटलं, हो. "लोक काय म्हणतील?" म्हटलं, विचार त्यांना आणि मलाही कळव.

ठेवून दिला तिने.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज मलाही एक दिली! शिंप्यांनी आणलेली. म्हटलं, मला कुठे येतंय. इंजिन म्हणाले, "आम्हाला तरी कुठे येत होतं? धूर गिळायचा नाही, तोंडात खेळवायचा. चूळ भरल्यासारखा."

गिळला. खोकले. डोळ्यांतून पाणी. कुणी हसलं नाही — तिघेही राखदाण्यांकडे बघत बसले. दुसरा झुरका जमला.

माझी पाळी आली तेव्हा जे वाटलं ते सांगितलं. "छापखान्यातल्या ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. मागाहून करपलेल्या दुधासारखा. शेवटी जीभ चरचरते. मला नाही आवडली."

शिंपी मांडीवर थाप मारून म्हणाले, "घ्या! माझ्याच खोलीत माझंच नाक कापलं!" औषधवाले म्हणाले, "वहिनींची जीभ कोरी आहे. आपल्या जिभा म्हणजे पायपुसणी झाल्यात."

शाळेत मी फार शिकले नाही. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे, वाया गेलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या छापलेल्या पानांचे जुडगे, घरी आणायचे, त्यांवर मी वाचायला शिकले. मधली पानं नसलेल्या गोष्टी. अजूनही घरी बसून पुस्तकांच्या फर्म्यांना दोरा घालते, त्यावर चालतं. पण मला काय वाटतं हे इतकं लक्ष देऊन कुणी ऐकल्याचं आठवत नाही. ह्यांनीही नाही. ह्यांचा स्वभावच ऐकण्यापेक्षा सांगण्याचा.

२१ सप्टेंबर

काम खूप. दोरा दोनदा तुटला.

२६ सप्टेंबर, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली. ह्यांच्या सिगारी ते दोन-तीन झुरके घेऊन राखदाणीवर ठेवतात. तिथेच विझतात त्या. मी विचारलं तर औषधवाले म्हणाले, "चांगली सिगार हळू ओढायची असते, वहिनी." शिंप्यांनी आणलेली मात्र बोटं पोळेस्तोवर ओढली.

म्हणजे ह्यांच्या खरंच चांगल्या. बरं वाटलं.

१ ऑक्टोबर

ह्यांचं तंबाखूवरचं पुस्तक काढलं. मंडळीत बसायचं तर चार गोष्टी ठाऊक हव्यात. अवघड आहे, पण सावकाश वाचलं की कळतं.

कळलं!

लिहिलंय की तंबाखूचं पान लोण्यासारखं असतं. शेजारी जे ठेवाल त्याचा वास पिऊन घेतं, मग तो जात नाही.

हे गेले त्या महिन्यात पेटी उघडली तेव्हा एका सिगारला टाचणीएवढं भोक दिसलं होतं. किडा. हे गेले आणि आता ह्यांचं हेही किडे खाणार! स्वेटरांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढल्या आणि पेटीत सगळ्या कोपऱ्यांत ठेवल्या. झाकण घट्ट लावलं. मग एकही भोक पडलं नाही. मला आपली शाबासकी वाटत होती.

किड्यांतून काढलं आणि फुफाट्यात घातलं.

आत्ता पेटी उघडून हुंगली. मला काही वाटेना. माझ्या कपड्यांना, पांघरुणांना, सगळ्या कपाटांना तोच वास. नाकाला त्याची सवय. मग शिंप्यांनी दिलेली सिगार आणली, पिशवीत अर्धी उरली होती. आधी ती हुंगली, मग ह्यांची.

न्हाणीघरातल्या जाळीवरच्या गोळीचा वास.

२ ऑक्टोबर

म्हणजे तिघांनी तीन शनिवार डांबर ओढलं. आणि म्हणाले, थंडपणा! लोकरी कापड! — शिंप्यांना कपाटातल्या स्वेटरचाच वास येत होता की. खोटं न बोलता खोटं बोलले.

पण इंजिन सरळ 'बरी आहे' म्हणाले.

३ ऑक्टोबर, शनिवार

मुद्दाम गेले. मुद्दाम तीन नेल्या, अगदी गोळीला चिकटून असलेल्या. ह्या शेवटच्याच म्हणून स्वतःला समजावलं. कुणी एकानं तरी नाक मुरडावं, एवढंच हवं होतं.

पेटवल्या. औषधवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चष्मा पुसत बसले. औषधवाले! जन्म औषधांच्या दुकानात गेला आणि डांबर ओळखू येत नाही?

मी म्हटलं, "खरं सांगा हं. कशी आहे?"

"छान," औषधवाले.

"छानच," शिंपी.

इंजिननी माझ्याकडे बघितलं नाही. "बरी आहे."

मी उठले. घरी काम आहे म्हटलं. नव्हतं.

माझ्या सिगारींना ते नावं ठेवत नाहीत, कारण मी विधवा. माझं बोलणं लक्ष देऊन ऐकतात तेही त्याचसाठी असणार. ती कोरी जीभ वगैरे. आजाऱ्याला म्हणतात ना, आज चेहऱ्यावर तेज आहे हो. तसं.

दया नको असं नाही. जूनमध्ये पुष्कळ घेतली, शेजारणींचे डबे खाल्ले. पण त्या खोलीत मला वाटलं होतं, मी चौथी आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार

गेले नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

गेले नाही. नणंद म्हणाली, "सुटलीस एकदाची." सुटले खरी. दुपार जाता जात नव्हती.

२० ऑक्टोबर

इंजिन आले. हातात अवजारांची पेटी, म्हणाले, इकडे जवळच लिफ्ट अडकली होती. आमच्या बाजूला एकही लिफ्ट नाही.

पाणी दिलं. ते उभेच.

"दोन शनिवार झाले, वहिनी."

"हो."

"आमचं काही चुकलं का?"

म्हटलं, "डांबराच्या गोळ्या. पेटीत मी ठेवल्या होत्या. तुम्हाला कधी कळलं?"

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "पहिल्याच झुरक्याला."

"आणि बरी आहे म्हणालात."

"मग काय म्हणणार? नवरा जाऊन तीन महिने झालेली बाई रुमालात गुंडाळून त्याच्या सिगारी आणते. तिला म्हणू, बाई, ह्याला संडासाचा वास येतोय?"

"हो. तसंच म्हणायचं. नियम तुमचाच ना? ह्यांना नाही पायमोजा म्हणालात?"

"तो आमचा होता!"

तोंडातून निघून गेलं ते त्यांनाही कळलं. मान खाली घालून म्हणाले, "राखदाण्या आम्ही तिघे आळीपाळीनं घासतोय. तुम्ही उठून गेलात त्या दिवसापासून."

मी हसले नाही. हसू येत होतं, पण नाही हसले.

विचारलं, "उरलेल्या उघड्यावर ठेवल्या तर जाईल का वास?"

ते म्हणाले, "नाही. त्या गेल्याच, वहिनी."

म्हटलं, "हे पहिलं खरं बोललात."

दारात म्हणाले, "शनिवारी या." म्हटलं, पाहू.

२२ ऑक्टोबर

पेटी रिकामी केली. सिगारी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बाहेरच्या डब्यात टाकल्या. ह्यांनी किती जपल्या होत्या! मऊ कपड्यानं पेटी पुसायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. बरोबरच होतं म्हणायचं.

टाकताना वाटलं होतं, काहीतरी होईल मला. झालं नाही. हात धुतले आणि कामाला बसले.

२४ ऑक्टोबर, शनिवार

नाही गेले. रिकाम्या हातानं गेले तर पाहुणी म्हणूनच बसवतील. चौथी खुर्ची काही ह्यांच्या नावावर चालवायची नाही मला.

२८ ऑक्टोबर

बाजारातल्या तंबाखूच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "साहेबांसाठी का?" म्हटलं, माझ्यासाठी. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मीही त्याला बघितलं.

काचेतून बोट दाखवून चार घेतल्या. जाड, काळपट, दिसायला रुबाबदार. कुणाला विचारून नाही, पुस्तकात बघून नाही. मला आवडल्या म्हणून.

३१ ऑक्टोबर, शनिवार

पट्ट्या आधीच काढून नेल्या. कुणी आणल्या ते सांगितलं नाही, गेल्या गेल्या कुणाचं लक्ष नसताना टेबलावर ठेवल्या. पेटवल्या. इंचभर जळेस्तोवर चौघे मुके.

शिंपी म्हणाले, "जळकं रबर." औषधवाले म्हणाले, "ही माझ्या दुकानातून गेली असती तर माझा परवाना गेला असता." इंजिन म्हणाले, "कुठल्या गाढवानं आणली?"

म्हटलं, "मी."

शिंपी घाईघाईनं म्हणाले, "नाही, तसं नाही वहिनी, म्हणजे जरा उग्र आहे, पण —" मी इंजिनकडे बघत राहिले. तेही माझ्याकडे बघत होते. राख पडली त्यांच्या शर्टावर.

"मग तर आणखीच वाईट आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कळायला हवं होतं."

औषधवाल्यांनी सुस्कारा सोडला. "रबरच, वहिनी. माफ करा, पण रबर."

मी म्हटलं, माफ कशाला करायचं, रबर आहेच. मग शिंपी जे हसायला लागले ते खोकला लागेस्तोवर. तिघांनी आपापली विझवली. माझी मी शेवटपर्यंत ओढली. पुढच्या खेपेला कुठल्या दुकानात जायचं यावर तिघांचं भांडण लागलं, ते चालू असतानाच निघाले.

भरभर चालत घरी आले. कुलूप काढलं, दार ढकललं, चप्पल काढता काढता म्हणाले, "अहो, ऐकलंत का, इंजिन मला काय म्हणाले —"