आक्का, फक्त ‘येऊ नको’ म्हणायचं नव्हतं

कोळवण, मुळशी

सौ. शुभांगीआक्कास,

धाकट्या किशोरचा वाकून नमस्कार (आई मागेच उभी आहे, त्यामुळे खरोखर वाकलोय). आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे आई बोलत नाही, आप्पा बोलतात पण माझ्याशी नाही, आणि साधना बाळाशी बोलते ते मुद्दाम मला ऐकू येईल अशा आवाजात. दाजींचा गुडघा कसा आहे? माणगावच्या दमट हवेत तो धरत असेल. त्यांना माझा नमस्कार सांग. सांगितलास आणि ते काही बोलले, तर ते मला कळवू नकोस.

तू माझा फोन कापतेस म्हणून कागदावर लिहितोय. आक्का, मी तुला बारशाला ‘येऊ नको’ म्हणालो नव्हतो. म्हणजे म्हणालो होतो, पण ते वाक्य तिथं संपत नव्हतं.

सकाळी राजू जीपवाला सांगत आला की ताम्हिणी घाटात दरड आली, रस्ता बंद. तू निघायच्या आत तुला कळवायला हवं होतं. फोन लागेना. मग मी ‘गोतावळा’ उघडला. (हो, तेच माझं घरचं ॲप. सगळं जग वापरतं ते साधं ॲप आपल्या घरात नको, हिंजवडीत मी दिवसभर हेच काम करतो, असं मीच ऐटीत म्हणालो होतो. आप्पा हल्ली ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.) घाईघाईत तीन तुकड्यांत लिहिलं. पहिला : ‘येऊ नको’. दुसरा : ‘घाटातून, दरड आलीय’. तिसरा : ‘पाली-खोपोलीवरून ये, बारशाला आम्ही थांबतो’.

आता काय झालं ते नीट ऐक. दोन फोन बोलायला लागले की त्यांच्यात एक वाट उघडी राहते, तिला सॉकेट म्हणतात. कुणी रीतसर ‘येतो’ म्हणून गेलं तर दुसऱ्याला कळतं. पण इथं लाइट गेली आणि टॉवर न सांगता झोपला. अशा वेळी सॉकेटला काही कळत नाही. ते आपलं खुशाल धरून चालतं, की समोर माणूस आहे. मधूनमधून ‘आहेस का?’ असं विचारायची सोय असते, पण बॅटरी वाचावी म्हणून मी ती फार क्वचित विचारेल अशी ठेवली होती. त्यामुळे तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका हिरवाच राहिला.

पहिला तुकडा तुला पोचला. तुझ्या फोनने ‘पोचला’ असं उलट कळवलं, ते मात्र वाटेत हरवलं. माझ्या ॲपला वाटलं, पोचलाच नाही. टॉवरला जरा जाग आली की ते पुन्हा जोडणार, पुन्हा ‘येऊ नको’ पाठवणार, पोच यायच्या आत टॉवर पुन्हा झोपणार. आणि पहिल्याची पोच आल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हा नियम कुणी केला? मीच. क्रम चुकू नये म्हणून. खरं तर तुझ्या फोनने ‘हा आधीच आलाय’ म्हणून पुन्हा आलेले टाकून द्यायला हवे होते. ते काम मी पुढच्या महिन्यासाठी ठेवलं होतं. म्हणून तुला दुपारपर्यंत सख्ख्या भावाकडून नुसतं ‘येऊ नको, येऊ नको, येऊ नको’ येत राहिलं. माझ्यामागे कुणी असा धोशा लावला असता, तर मीही गेलो नसतो.

इकडे पाळणा सजला, बायका जमल्या, आणि आई सारखी फाटकाशी. मी तिला फोन दाखवून म्हणालो, “आई, हे बघ, हिरवा ठिपका. आक्का कनेक्टेड आहे.”

“मंग पोरगी कुटं हाय?” आई म्हणाली. यावर हिंजवडीत कुणाकडे उत्तर असेल तर मला सांग.

जेवणं खोळंबली. शेवटी साधनाची मामी लीलाबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, आत्या न्हाई तर मी सांगते कानात नाव, त्यात काय हाय. त्या पाळण्यावर वाकल्या आणि आई मधे जाऊन उभी राहिली. “तिची आत्या हाय अजून. नाव तीच ठेवणार. तुमी जेवायला बसा.” लोक जेवले, बिननावाच्या मुलीला आशीर्वाद देऊन गेले. आहेरावर कुणी ‘बाळास’ लिहिलं, कुणी ‘कु. किशोर’.

दिवेलागणीला लाइट आली आणि तुझा एकच निरोप उमटला : ‘बरं. सुखी राहा.’ (माझे उरलेले दोन तुकडे निघेपर्यंत तू ॲपच काढून टाकलं होतंस.) आईने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि पाळण्याची फुलं काढायला लागली. तेव्हापासून ती बोलत नाही. मी लहानपणापासून तिच्या शिव्या खाल्ल्यात आक्का, पण ही शांतता मला खाऊन टाकतेय.

घाट आता उघडलाय. ये आणि हिचं नाव ठेव.

तुझा,
किशोर

ता. क. : आता खरं काम. आप्पांना मुलीचं नाव आपल्या आजीचं, म्हणजे तुळजा, ठेवायचंय. साधनाला दिशा हवंय. मी दोघांनाही हो म्हणून बसलोय. तू तुला वाटेल ते कानात सांगून टाक. आत्याच्या तोंडून निघालेलं नाव बदलता येत नाही, असं मी नंतर हताश चेहऱ्यानं सांगेन.

ता. क. २ : वरचा ता. क. साधनाने वाचला. तिच्यापुरतं माझं हो आता रद्द झालंय, आणि तुला तिचा निरोप आहे : ‘वन्सं, नाव कुठलंही ठेवा, पण या.’

ता. क. ३ : आप्पा म्हणाले, “येवढं लिवत बसण्यापरीस गेला असतास तर आतापत्तुर ती हितं आली असती.” म्हणून हा भाग राजूच्या जीपमधे लिहितोय, अक्षराला माफ कर. पत्र राजूच दाराच्या फटीतून आत सरकवेल. मला तुझ्यासमोर यायचा धीर नाही, म्हणून मी कोपऱ्यावर जीपमधे बसलोय. पण आई उतरलीय. ती तुझ्या दाराशी छत्रीशिवाय उभी आहे आणि कडी वाजवायला तयार नाही, बारशानंतर पहिल्यांदा बोलली ती एवढंच, लेक आपणहून उघडेल. आक्का, वाचणं पुरे. दार उघड.