घाटातून जीप कुणी काढली

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग उतरलेला नाही. परवा तो पुन्हा उसळून वर आला, तोही भरल्या बैठकीत.

तुमची जीप आता माझ्याकडं आहे. दादाला ती नकोच होती. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा आमचा एक गट आहे, सगळे मिळून मालवणला निघालोय. कोकणात उतरणारा बावड्याचा घाट दरड कोसळून बंद. मग राधानगरीवरून फोंडा घाट की गारगोटीवरून आंबोली, यावर बैठकीत भांडण जुंपलेलं. जाताना बिद्रीच्या साखर कारखान्यापाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यात परतीच्या चढाला गाड्या तापणार, तापल्या तर थांबायचं कुठं, हीच सगळ्यांना धास्ती. एकजण मला म्हणाला, "ताई, तुमी जीप घरीच ठेवा. माझ्या गाडीत मागं बसा की निवांत. घाटात बंद पडली तर सगळ्यांचा खोळंबा." मी तोंड उघडणार तोच तुमचे शाळेपासूनचे मित्र, काका, मधे पडले. "आरं, हिच्या बानं हीच जीप बावड्याच्या घाटातनं एकट्यानं वर काढलती! लई धाडसाचा गडी."

एकट्यानं!

मी कॉलेजात होते तेव्हा. कोकणातून परत येताना भर उन्हात, अर्ध्या चढावर जीप बंद पडली. तुम्ही एसटीला हात केलात आणि मेकॅनिक आणायला बावड्याला निघून गेलात. वळणावर आई आणि मी. ट्रक अंगाला घासून जातायत, आईच्या अंगात ताप, तिला उलट्या सुरू झाल्यात. गाडी तापली की इंजिनातल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर तुम्ही ओलं फडकं टाकायचात, ते मी पाहिलं होतं. प्यायच्या पाण्यात ओढणी भिजवून मी ती पंपावर गुंडाळली. बऱ्याच वेळानं इंजिन सुरू झालं. मामाच्या गावच्या माळावर गाडी चालवायला चोरून शिकले होते, तेवढ्यावर पहिल्या गिअरमध्ये घाट चढले. आई शेजारी "चांगभलं, चांगभलं" पुटपुटत होती.

बावड्याच्या स्टँडवर तुम्ही मेकॅनिकबरोबर चहा पीत होता. आईची चौकशीही न करता तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. "पोरीच्या जातीनं स्टेरिंगला हात लावायचा न्हाय!" सगळं स्टँड बघत होतं. मार मी गिळला, आबा. पण संध्याकाळी घरी आलेल्या पाहुण्यांना तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, "मीच काढली वर." आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ती आत गेली. पुढं दर सणाला तीच गोष्ट, आणि दर वेळी घाट आणखी उंच. कधीतरी खरं बोलाल म्हणून मी वाट पाहत राहिले, तुम्ही तसेच मरून गेलात.

बैठकीत मी उठून उभी राहिले. "काका, ती जीप मी काढलती. आबा एसटीनं पुढं गेलते."

काका चरकले. "पोरी, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मग जित्या माणसाबद्दल खोटं बोललेलं चालतंय व्हय?"

शेवटी फोंडा घाट ठरला, आणि जीप सगळ्यांच्या पुढं राहणार, असं मीच सांगून मोकळी झाले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या थपडेनंतर आजवर मी स्वतः गाडी चालवत एकही घाट चढलेले नाही. रस्ता वर वळला की हात गार पडतात. गटात कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगितलं, कारण आता तुम्ही कुणाला काही सांगू शकत नाही.