जोडीचा अक्रोड

लाइश्वेई,
२० सप्टेंबर २०१८

ती. बाबा,

नमस्कार. जेवलात का? म्हणजे खरंच जेवलात, की कालचाच वाफवलेला पाव लोणच्याशी खाऊन शेजारच्या बाओ काकूंना "पोट भरलं" म्हणून सांगितलंत? त्या मला सगळं कळवतात, तेव्हा थापा मारू नका.

पार्सल मिळालं असेल. राळे नवे आहेत, नीट निवडून घ्या, एखादा खडा असेल. जर्दाळू आईनं वाळवलेत. पौर्णिमेचे केक इथल्या दुकानातले आहेत, तुम्ही नाक मुरडाल, तरी एक खा. आणि आत्तापर्यंत तळाशी हात घालून चाचपून झालं असेल. यंदा अक्रोड नाही. पत्र चुरगाळू नका, बाबा, शेवटपर्यंत वाचा. त्यासाठीच फोन न करता लिहायला बसलेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि नको असलेलं तर मुळीच येत नाही.

कागदावरचे काळे डाग माझ्या बोटांचे आहेत. साली सोलून सोलून हात कोळशासारखे झालेत, साबणानं काही होत नाही. एप्रिलमध्ये ऐन मोहरात हिव पडलं आणि ओढ्याकाठची 'अधिकाऱ्याची टोपी' जातीची अक्रोडाची झाडं पार जळून गेली. 'कोंबडकाळीज' मात्र वाकेपर्यंत लगडलंय. त्या टोकदार अक्रोडाला कुत्रं विचारत नाही, म्हणूनच ते येतं. वरच्या आळीत सगळ्यांनी सिंहमुखी अक्रोडांना फळ्या आवळल्यात. कोवळं फळ दोन फळ्यांत धरायचं, म्हणजे ते उंच न होता आडवं फुगतं. हातात फिरवायला बाजाराला सध्या बुटका नि रुंद हवा. तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, "हा कसला सिंह? हा तर बेडूक!"

घरामागच्या जुन्या झाडाला आम्ही फळ्या लावत नाही. भिंतीच्या आडोशानं ते हिवातूनही वाचलं. "यंदा झाडच जळालं" असं लिहून मला मोकळं होता आलं असतं, बाबा. नाही लिहिलं.

याच झाडाखाली तुम्ही लेकाला, हाओशेंगला, घेऊन पहिल्यांदा उभे होतात. हिरव्या सालीत काय निघेल ते देवालाच ठाऊक, तरी घेणाऱ्यानं आधी घ्यायचं आणि मग सोलायचं. हाओशेंगनं दोन उचलले, मी सुरी लावली, आणि आतून सिंहमुखी निघाले. कवचावरची शिवण तशीच, बुड तसंच, अगदी जुळे. तुम्ही आनंदानं त्याच्या पाठीत असा रट्टा घातलात की तो धडपडला. तुम्हाला वाटलं पोराला अक्रोडाची नजर आहे. तो अक्रोडाकडे बघतच नव्हता. आईनं पाहिलं होतं, नंतर मला शिव्याही पडल्या.

ती जोडी त्याच्या तळव्यात वर्षानुवर्षं फिरली. तुम्ही त्याला बजावलं होतंत, एकमेकांवर आपटू द्यायचे नाहीत, आवाज झाला की तो गावठीपणा. बिचारा गाडी चालवतानासुद्धा एका हातानं मुकाट फिरवायचा. किती लाल झाले होते! आणि मग त्याच्या डोक्यात नस फुटली. दहनाआधी तुम्ही एक अक्रोड त्याच्या मुठीत दिलात, दुसरा स्वतःच्या खिशात टाकलात. मला एवढंच म्हणालात, "रुईझी, याला जोड शोधायची." पुढं महिनाभरानं तुम्हीच मला "तरुण आहेस, आईकडे जा" म्हणून गाडीत बसवलंत.

तेव्हापासून दर शरदात मी त्याच झाडाचा एक निवडून पाठवते आणि तुम्ही तो चिठ्ठीसकट परत करता. "बुड तिरकं, दारुडा आहे." "शिवण जाड, कुणी शिवलीय ही, आंधळ्यानं?" आई तुमच्या चिठ्ठ्या वाचून हसते. म्हणते, म्हाताऱ्याला मुलगी दाखवली असती तरी इतकी खोड काढली नसती.

आता लिहायचं ते लिहिते. परवाच्या साली पाठवलेल्याबद्दल तुमची चिठ्ठी होती, "पोट सुटलंय. बिअर पिणारा दिसतो." मी तो खिडकीतल्या टोपलीत टाकला. गेल्या साली पार्सल बांधताना घाईत माझा हात त्याच टोपलीत गेला आणि चुकून तोच पुन्हा तुमच्याकडे आला. तुम्ही परत पाठवलात. "फारच सुकडा. उपाशी ठेवलाय का याला?" कागद सोडला आणि टोकाजवळ माझ्याच सुरीचा ओरखडा दिसला. तोच अक्रोड, बाबा! एका साली पोट सुटलेला, दुसऱ्या साली उपाशी. वाळल्यावर तो आकसतो हे मलाही कळतं, पण तो आधीच्याच साली खडखडीत वाळलेला होता.

मी इतकी हसले की आई चुलीपासून उठून आली. मग हसू थांबलं. हाओशेंगच्या जोडीची मापं मला पाठ आहेत. कॅलिपर लावून पाहिला. उंची, कड, पोट, सगळं जुळत होतं. रंगानं तेवढा पांढरा, पण तो काय, हातात फिरला की चढतो. तुमच्या मुठीला तर हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. डोळे मिटूनसुद्धा जोडी लावणारा तुमच्यासारखा माणूस चुकत नाही.

जोड मिळाली की रुईझी लिहायची थांबेल, म्हणूनच खोड काढलीत ना? रागावले नाही मी. रागावू कशी? मीही गप्पच राहिले. त्या ओरखड्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पाटीभर अक्रोड समोर घेऊन हाओशेंगसाठी शोधायला बसलं की ते काही दिवस मी त्याची बायको असते. मलाही ते संपायला नको होतं. मला तो फार आठवतो, बाबा. अजूनही.

आणि तरीही. पलीकडच्या गावात शांग योंगफू म्हणून एक जण आहे. कलमं बांधतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन वसंत आमच्याकडे कलमं करायला आला, कामाशिवाय बोलला नाही. या उन्हाळ्यात त्यानं आईला विचारलं. आधीच सांगते, तो खायचे अक्रोड लावतो. कागदी सालीचे, दोन बोटांत फुटणारे. हातात फिरवायचा अक्रोड त्याला दिला तर म्हणाला, "याच्यात गर किती निघतो?" तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल हे माहीत आहे.

मी त्याला हो म्हटलं नाही. त्यानं विचारलं, "म्हातारबांना कळवलंस?"

"अजून नाही."

"मग आधी त्यांना कळव. मी काय, इथंच आहे."

एवढंच बोलून झाडावर चढला. त्या दिवशी मला कळलं की या माणसाबरोबर मला राहता येईल.

तो जोडीचा अक्रोड माझ्यापाशी आहे. पोस्टानं पाठवला तर तुम्ही पुन्हा काहीतरी खोड काढाल, म्हणून तुमच्या खिशातला लाल अक्रोड घेऊन इथं या आणि दोन्ही एका हातात धरून माझ्या तोंडावर सांगा की जुळत नाहीत. बाजारातल्या कुणाला दाखवून निकाल मागवायचा नाही.

आणखी एक मागायचं आहे. हे पत्र टाकलं की त्याला हो सांगेन, आणि आईनं लग्न दहाव्या महिन्याच्या शेवटी धरलंय. आमच्याकडे दुसऱ्यांदा जाणारी बाई मागच्या दारानं जाते, फटाके नाहीत, सोबत कुणी नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तुला पोचवायला कोण येणार? पाय आहेत ना तुला?" ती वाईट नाही हो, तिनं तेच पाहिलंय. माझे वडील मी लहान असतानाच गेले, पहिल्या वेळी मामानं पोचवलं होतं. बाबा, या वेळी माझी पाठवणी तुम्ही करा. पुढच्या दारानं, दिवसाढवळ्या, माझ्याबरोबर चालत. माहेरच्या पंगतीत माझ्या बापाच्या जागी बसा. सासरा सुनेला दुसऱ्या घरी पोचवतो म्हणून लोक तोंडाला हात लावतील. लावू देत.

तुम्ही आला नाहीत तर मी जाणार नाही असं लिहिलं होतं, ते खोडलं. खोटं कशाला लिहू? जाईन. पण मागच्या दारानं जाईन, आणि जन्मभर वाटत राहील की हाओशेंगच्या घरातून मी चोरासारखी पळाले.

दर वसंतात तुमच्या रजया धुवायला मी येणारच आहे, त्याला कुणाची परवानगी नको. पण तुमच्या दारात उभी राहून "बाबा" अशी हाक मारायची ती कोणत्या नात्यानं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

सून म्हणून हे माझं शेवटचं पत्र. यानंतरचं लेक म्हणून लिहू द्या.

रुईझी