सावळ्याचा दगड

नवी वसाहत, पेठ
१० मार्च २००४

चि. गोरख यास,
सारजाताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात खाण्यापिण्याशिवाय दुसरी बातमीच नसते. कंपनीनं मशिनी बसवायला मेक्सिकोत पाठवलं आणि तू तिथं मक्याची भाकरी आणि मिरची खातोस. मग आहुप्याच्या वाटेवरचं आपलं जुनं गाव काय वाईट होतं, असं तुझे दाजी विचारतात. आईला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझं सगळं लक्ष मिनिटांकडे, म्हणून हे पत्र.

यंदा पावसानं दगा दिला. धरणाचं पाणी आत्ताच इतकं खाली गेलंय, की मेपर्यंत अख्खं गाव उघडं पडेल म्हणतात. आपल्या गावचा जुना कोतवाल हौशीराम टेम्पो ठरवतोय. सकाळी निघायचं, कुणाचं घर कुठं होतं ते तो एकेक दाखवणार, तिथंच भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत परत. नऊ वर्षांत आई एकदाही तिकडं गेली नाही. आपलं घर चिखलात बघवणार नाही म्हणायची. यंदा मात्र आपणहून म्हणाली, की मी येणार.

कारण तुला कळलंच असेल. आपल्या पाठचा सावळ्या पाच महिन्यांचा होऊन गेला, तेव्हा अण्णांबरोबर तू गेलास. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि तिथं बायकांनी जायचं नसतं. मी आईला धरून उंबऱ्यात बसले होते. तिनं ती जागा जन्मात पाहिलेली नाही. गाव उठलं तेव्हा तिच्या सांगण्यावरून तू त्याच्यावरचा दगड काढून आणलास, म्हणून निदान तेवढं तरी हाताला लागलं. दारातल्या शेवग्याखाली तो अजून आहे. रोज त्याची अंघोळ होते आणि अवसेला दूधभात. शेजारच्या चिमाबाईची पुरलेली दोन लेकरं तिकडंच राहिली, तर तीही येऊन त्याच दगडापाशी बसते. आई तिला म्हणते, माझा माझ्याबरोबर आला, तुझे पाण्यात राहिले गं. असं बोलू नये, पण बोलते.

तर दगड जिथून उचललास ती जागा नेमकी लिहून पाठव. अण्णा गेल्यावर ती तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आईचा जीव त्यात अडकलाय.

बाकी काही पाठवू नकोस. जसा गेलास तसा परत ये, एवढंच मागणं.
तुझी,
सारजाताई


१३ एप्रिल २००४

ती. सौ. ताईस,
गोरखचा शिरसाष्टांग नमस्कार. दाजींना सांग, इथली मिरची आपल्या लवंगीला भारी आहे, फक्त दुसऱ्या दिवशी कळतं. ती. आईस साष्टांग. चि. श्रेयाला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. मध्ये ईस्टरची चार दिवस सुट्टी लागली. कंपनीतली माणसं समुद्राकडं निघाली होती, मलाही ओढून नेलं. तिथून एक दिवसाची सहल होती, माया लोकांची जुनी शहरं आणि पोहायचे डोह. मिनीबस, जेवण आणि गाईड सगळं त्यांचं. गाईड पन्नाशीचा, बुटका, आपल्या हौशीरामासारखा काळा. हातात मिटलेली छत्री उंच धरून पुढं चालायचा आणि आम्ही मेंढरांसारखे मागं.

मोठ्या पायऱ्यांचं देऊळ पाहिलं. त्याच्यासमोर टाळी वाजवली की पाखरू ओरडल्यासारखा आवाज उलटून येतो. सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवली. गाईड म्हणाला, की रोज एक तरी पाहुणा त्याला विचारतो, माया लोक कुठं नाहीसे झाले. तो सांगतो, की ते कुठं गेले नाहीत, मीच आहे, माझी आई घरी अजून तीच भाषा बोलते. लोक हसतात आणि त्याचा फोटो काढतात.

मग त्यानं एका डोहाच्या काठावर नेलं. त्या मुलखात नद्या नाहीत. जमीन आतून पोकळ, वरचं छत कोसळलं की असे गोल डोह उघडे पडतात. कडा उभ्या आणि पाणी हिरवं. तो म्हणाला, की पाऊस पडावा म्हणून पूर्वीचे लोक यात देवाला नैवेद्य टाकत, सोनंनाणं आणि माणसंसुद्धा. पुढं पाणबुड्यांनी तळातून हाडं वर काढली, त्यांत लहान मुलांची बरीच होती. आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, की त्यांच्या आया रडल्या नसतील का. गाईड छत्री टेकवून उभा राहिला. म्हणाला, दगडांवर राजांची नावं कोरलेली आहेत, आयांचं कुठं काही लिहिलेलं नाही.

ताई, त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. दुपारी पोहायच्या डोहाशी नेलं. लाकडी जिना उतरून खाली गेलो. फुगीर जाकीट घातलं, बुडायची भीती नव्हती. पाणी इतकं गार की श्वास अडला. पाठीवर पडून वर पाहिलं तर छताला एक भोक आणि त्यातून ऊन येत होतं. कानात पाणी गेलं, बाकीच्यांचं हसणं ऐकू येईना. मनात आलं, सावळ्या नऊ वर्षं असाच आहे. आणि तो तिथंच आहे हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे.

तो दगड सावळ्याचा नाही, ताई.

टेम्पोत वासे, कणगी, भांडी भरून झाली होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता. आईनं मला पाठवलं तेव्हा मी नदीकडं गेलो, पण घोडनदीचं पाणी चढून जांभळीच्या बुंध्यांपर्यंत आलं होतं. झाडं तर आधीच तोडलेली. अण्णांनी दगड ठेवला ती जागा गुडघाभर गढूळ पाण्याखाली होती. उतरलो असतो तर सापडला असता. आजही वाटतं, सापडला असता. पण पाण्यात हात घालायचा, खाली चाचपायचं, आणि हाताला दगडाऐवजी दुसरं काही लागलं तर, या विचारानं माझे पाय हलेनात. बत्तीस वर्षांचा बाप्या होतो मी. परत फिरलो आणि रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला.

आईनं विचारलं, तोच का. मी हो म्हणालो. तिनं तो पेठ येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. मंचरच्या पुढं कुठंतरी मला म्हणाली, बाळ केवढं जड झालंय.

तू जागा विचारतेस. लिहून सांगता येत नाही. झाडं नाहीत, बांध नाहीत, खूण कशाची देऊ. तिथं नेऊन उभा केलास तर माझ्या पायांना कळेल, अण्णांच्या मागं किती पावलं गेलो ते. पण डिसेंबरपर्यंत मला इथून हलता येत नाही. तू काही करून आईची सहल मोडून काढ. टेम्पो भरला म्हण, पाय दुखतील म्हण. आणि यातलं एक अक्षरही तिला कळू देऊ नकोस. वाचून झालं की पत्र चुलीत घाल. मला कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, आणि तुझ्याशिवाय कोण आहे.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझा धाकटा,
गोरख


पेठ
७ मे २००४

गोरख,
आशीर्वाद. पत्र परवा आलं. मी नारायणगावला लग्नाला गेले होते. पोस्टमन पत्र देऊन गेला आणि मामाचं पत्र म्हणून श्रेयानं फोडलं. पाकिटावर माझं नाव असलं तरी आजवर तुझं कुठलं पत्र मी एकटीनं वाचलंय? वसाहतीतली माणसं शेवग्याखाली गोळा होतात, श्रेया शाळेतल्यासारखी उभी राहून खणखणीत वाचते आणि आई मान डोलावते. हे तुला ठाऊक आहे. तूच तर म्हणायचास, श्रेयाच्या आवाजात माझं पत्र कसं लागतं ते मला एकदा ऐकायचंय. पत्र लिहिताना हे विसरलास कसा?

नेहमीसारखी चिमाबाईही होती. तुझ्या मिरचीला दोघी हसल्या. देवळाचं ऐकून आईनं हात जोडले. पुढं दगडाचं वाक्य आलं तशी पोर थांबली. बारा वर्षांची आहे, तिला कळलं. आई म्हणाली, वाच. मग तिनं रडत रडत शेवटपर्यंत वाचलं, चुलीत घाल इथपर्यंत.

मी संध्याकाळी आले तर आई शेवग्याकडं पाठ करून बसलेली. चिमाबाई म्हणे उठून घरी गेली. नऊ वर्षं आपल्या आईनं तिला तिच्या पोरांवरून ऐकवलं आणि त्या बाईनं एका शब्दानं परतफेड केली नाही. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तुला काय म्हणू? त्या दिवशी तू पाण्यात उतरला नाहीस याचा मला राग नाही. माझेही पाय हलले नसते. पण नऊ वर्षं गिळलंस तसंच पुढंही गिळायचं होतंस. तुझं ओझं उतरवायला तुला म्हातारीचीच मांडी सापडली. मला लिहिलंस म्हणतोस, पण या घरात मला लिहिलेलं म्हणजे तिला लिहिलेलं. हे लिहिते आहे आणि वाईटही वाटतंय. अकरा वर्षांच्या पोराला अण्णांनी बरोबर न्यायलाच नको होतं, हे मी तेव्हापासून मनात म्हणते.

सहल मी मोडली नाही. ती ऐकणार नाही. रविवारी जातोय. फोन करू नकोस, ती कुणाला घेऊ देणार नाही.
रागात असले तरी तुझीच,
ताई


पेठ
२४ मे २००४

ती. मामास,
श्रेयाचा सा. न. हे पत्र आजी सांगते आहे आणि मी लिहिते आहे. तिनं एकही शब्द बदलायचा नाही असं बजावलं आहे.

गोरख,
आमी जाऊन आलो. हौशीरामानं समदं दावलं. ह्यी चावडी, ह्यो देवळाचा चौथरा, ह्यी तुमची वसरी. आपल्या घराची जोती हाईत आजून. मी चूल व्हती तिथं बसून भाकर खाल्ली. बाया हसत व्हत्या, रडत व्हत्या. कुनाला जात्याची तळी गावली तर तिनं ती धुऊन घेतली.

मग मी म्हन्लं, लेकरं ठेवायचे ती जागा दाव. तर हौशीराम खाली बघाया लागला. म्हन्तो, मावशी, ते ज्या घरचं त्याच घरच्या गड्याला ठावं आसायचं, आनि ते गडी आता ऱ्हायले न्हाईत. नदीच्या अंगाला निस्ता चिखल, वाळून भेगाळलेला. दगुड तर लई. समदे एकासारखे एक. कोन्च्या दगडाला हात लावू?

चिमाबाई माझ्यासंगट आली व्हती. मला वाटलं आता ही मला बोलंल, तिचा हक्क हाय. ती म्हन्ली, साळुबाई, बस हितंच, कुटंबी बसलं तरी त्यांचंच हाय. ती बसली. तिला सवय हाय, तिचं आधीपासून तसंच हाय. मला बसाया आलं न्हाई. मी उभीच ऱ्हायले, टेम्पोवाल्यानं हाळी दिली तवर.

नऊ वरसं मी त्याच्यासाठी रडले न्हाई, गोरख. माझा दारात हाय म्हनून मला जेवन गोड लागायचं. आता ह्या वयात मी पयल्यापासून रडाया लागलेय, जसा काई कालच गेला. तुला सांगून हलकं वाटलं आसंल, वाटू दे. मी तुझ्यावर रागावले न्हाई आसं लिहू नको म्हन्लं श्रेयाला. मी रागावलेय. त्या दगडाचं काय करायचं ते सारजाला उमजंना. मी म्हन्लं, ऱ्हाऊ दे, त्यानं काय केलंय. पन मी आता त्याला आंगुळ घालीत न्हाई.

तू तिकडं त्या डव्हात उतरला म्हन्तोस. पुन्यांदा उतरायचं न्हाई. जाकीट घालून न्हाई आन बिनजाकिटाचं बी न्हाई. मशिनीत हात संबाळून घाल. रस्ता बघून वलांड. तुझा बाप गेला, आता त्या जागंवर उभा ऱ्हायलेलं एकच मानूस हाय, ते तू. तुझ्या पायाला कळंल म्हन्तोस तर ते पाय घिऊन ये. पानी फुडल्या उन्हाळ्यात हटंल, न्हाईतर त्याच्या फुडल्या. मी थांबते. तवर तू जप. तुझ्यासाठी सांगत न्हाई, त्याच्यासाठी सांगते.

शेवटाला आशीर्वाद लिहू का, म्हनून पोरगी इचारती. लिही म्हन्लं.