पहिलवानाच्या खांद्याचं माप

३ फेब्रुवारी

आज परत तेच. पहिलवान पहिल्याच अडथळ्यापाशी थांबला. लेक त्याच्या मानेवर जाऊन आदळली. पडली नाही, एवढंच. अडथळा माझ्या गुडघ्याएवढाही नव्हता. हाच घोडा तिला — लेकीच्या आईला — पाठीवर घेऊन कमरेएवढे अडथळे सहज ओलांडायचा.

तबेल्याचे मास्तर कुंपणाला टेकून बघत होते. म्हणाले, "वहिनींना शोधतोय तो. जनावराला सगळं कळतं."

तिला जाऊन आठ महिने झाले.

  खरं लिहायचं तर मास्तरांचं ते बोलणं ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे तिला शोधणारं आणखी कुणीतरी आहे.

५ फेब्रुवारी

मास्तरांनी बोलावून घेतलं. तबेल्यात जागा थोड्या, बाहेर रांग मोठी. जो घोडा उड्या मारत नाही त्याला उड्यांच्या घोड्यांची जागा किती दिवस द्यायची? एकतीस मार्चला चाचणी घेणार. चार अडथळे. ओलांडले तर राहील. नाहीतर लांबच्या एका शेतमालकाने बग्गीसाठी विचारलंय, त्याला देऊन टाका म्हणतात.

लेकीला जेवताना सांगितलं. ताटाकडे बघतच म्हणाली, "तो कुठेही जाणार नाही."

९ फेब्रुवारी

मला घोड्यातलं काही कळत नाही. सव्वीस वर्षं मी कवळ्या बनवतोय. ती दर रविवारी तबेल्यात जायची तेव्हा मी गाडीत पेपर वाचत बसायचो. शब्दकोडं संपेपर्यंत ती परत यायची, अंगाला घोड्याचा वास. पहिलवान हे नाव तिनेच ठेवलं. चार वर्षांचा असताना आणला, तेव्हा नुसता हाडांचा सापळा, पण खांदे आधीपासूनच दांडगे. "पुढून बघा, कपाट येतंय असं वाटतं," म्हणायची.

ती आजारी होती ते वर्षभर तो कुरणात मोकळा होता. खायचं आणि लोळायचं. आता दुहेरी कपाट झालंय.

१२ फेब्रुवारी

लेकीने खोगिराखाली लोकरीच्या जाड घडीचा, तिसरा नमदा घातला. आधीचे दोन होतेच. "मऊ पडेल त्याला." तरी थांबला.

१६ फेब्रुवारी

आज खोगीर चढेपर्यंत गाडीत बसलो नाही. तबेल्यात जाऊन उभा राहिलो, पण लांब. लेक खोगीर घेऊन आली तसे पहिलवानाने कान मागे टाकले आणि भिंतीकडे तोंड केलं. पोटाखालचा तंग आवळताना हवेतच दात वाजवले.

हे तोंड मी ओळखतो. कवळी बोचत असते, पण माणूस भिडेखातर "छान बसलीय हो" म्हणतो. मी त्याच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. तो थुंकी कशी गिळतो ते बघतो. महिन्याने बायको सांगत येते की हे हल्ली नुसतं पातळ खातात.

 नालबंदाकडून खोगीर बनवणाऱ्या बाईंचा नंबर घेतला.

१९ फेब्रुवारी

बाई आल्या. साठीच्या असतील, बुटक्या, बोटांना मेणाचे डाग. आल्या आल्या घोड्याला म्हणाल्या, "काय रे, कुणी छळलं तुला?" आम्हाला नमस्कार नंतर.

तिन्ही नमदे काढून खोगीर उघड्या पाठीवर ठेवायला लेकीला सांगितलं. तिने ठेवलं. बाई म्हणाल्या, "आता माझा हात पुढून आत जातो का बघा." बोटंसुद्धा गेली नाहीत. मग माझा हात धरला आणि तिथे नेला. मी आजवर या घोड्याला हात लावला नव्हता हे त्यांना काय माहीत. खोगिराच्या आतला लाकडी सांगाडा खांद्याच्या हाडावर रुतला होता, चिमट्यासारखा. खाली केसांचा एक पुंजका पांढरा पडलेला. दोन्ही बाजूंना.

"पायात घट्ट बूट आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यात तीन मोजे घातलेत."

लेक म्हणाली, "पण आई याच खोगिरावर उड्या मारायची."

"घोडा तेव्हा पोरगा होता. आता बाप्या झालाय. तुझ्या लहानपणीच्या फ्रॉकात तू मावशील का?"

आणखी एक चूक दाखवली. उडीच्या खोगिराच्या बाजूच्या झडपा पुढे झुकलेल्या असतात, म्हणून सगळे अख्खं खोगीरच पुढे ठेवतात, थेट खांद्यावर. ते मुद्दाम पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवत आणायचं. जिथे आपसूक थांबेल ती त्याची जागा. उडी मारताना घोड्याचा खांदा मागे फिरतो. तिथेच लाकूड असेल तर तो उडेल कशाला?

मी विचारलं, "म्हणजे हा दुःखात वगैरे नाही?"

बाई नमदे घडी करायला लागल्या. "ते मला नाही सांगता येणार. खांदा दुखतोय, एवढं सांगते."

२० फेब्रुवारी

त्याला बोचत होतं, आणि मला त्यात सोबत वाटत होती.

२३ फेब्रुवारी

लेक नवीन खोगीर नको म्हणते. "आईचं आहे ते. तिने सहा वर्षं तेल लावून लावून एवढं मऊ केलंय."

मी म्हटलं, ठेव की घरात, टाकून कोण देतंय.

"घरात काय करू? खुर्चीवर ठेवून बसू?"

 अर्ध्या तासाने तिच्या दाराशी जाऊन म्हणालो, "तुझ्या आईने ते पांढरे केस बघितले असते तर त्याच दिवशी काढून टाकलं असतं."

आत खुर्ची सरकली. मग, "फोन करा बाईंना."

२६ फेब्रुवारी

बाई वाकणाऱ्या तारेने पाठीचं माप घेणार होत्या. मी भीत भीत म्हटलं, मी साचा काढून देऊ का? प्लास्टरच्या पट्ट्यांनी. जबड्याचा काढतो, पाठीचा का निघणार नाही.

"काढा की. घोडा स्थिर राहायला हवा मात्र."

खालून पातळ कापड, त्यावर ओल्या पट्ट्या, मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून पाठीच्या शेवटच्या बरगडीपर्यंत. घट्ट व्हायला बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दोन्ही हात त्यावर ठेवून उभा राहिलो. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. पहिलवानाने एकदा मागे वळून बघितलं, मग खालचा ओठ लोंबवला आणि चक्क झोपला. त्याचा श्वास माझ्या हातांखालून जात होता. बारा मिनिटं संपली तरी मी लगेच काढलं नाही.

साचा निघाला एकदम स्वच्छ. बाईंनी उलटसुलट करून बघितला. "कवळीवाले, तुम्ही चुकीच्या धंद्यात गेलात."

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी.

१ मार्च

बाईंच्या कारखान्यात गेलो. रुंद सांगाडा त्यांच्याकडे आहे, साच्यावर ठेवून बघितला. थोडा आणखी उघडावा लागेल. खालच्या गाद्यांत लोकर भरणार, पुढे कमी, म्हणजे खांद्याला फिरायला जागा. तीन आठवडे.

स्वाराची मापं लागतात. लेक कामावर होती. बाईंनी कागद पुढे केला — उंची, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. मी तिथेच भरून दिली.

८ मार्च

साच्यावरचं प्लास्टर माझ्या नखांतून अजून गेलेलं नाही. कामावरच्या प्लास्टरचं कधी लक्षातही येत नाही.

लेक सध्या पहिलवानाला खोगिराशिवाय नुसतं चालवते, लगाम धरून. मी दुसऱ्या बाजूने चालतो. आज त्याने माझ्या खिशाला नाक लावलं. खिशात काही नव्हतं. उद्या गाजर न्यायचं.

२२ मार्च

खोगीर आलं. ठेवलं, मागे सरकवलं, थांबलं. बाईंचा पंजा पुढून आरामात आत गेला. तंग आवळताना पहिलवानाने फक्त कान हलवले. दुडक्या चालीत सोडला तर पुढचे पाय असे टाकायला लागला की मास्तर कुंपण सोडून आत आले. "हा तोच घोडा आहे?"

पण लेक मात्र वर बसून घसरत होती. गुडघा झडपेवरच्या टेकूला लागतच नव्हता, चार बोटं मागे राहत होता. बसायची जागाही मोठी. परातीत ठेवलेल्या लिंबासारखी डुगडुगत होती.

बाईंनी कागद काढला. लेकीच्या पायाला फीत लावली. मग मला विचारलं, "हे कुणाचं माप आहे?"

ती उंच होती. लेक माझ्यावर गेलीय, आखूड पायांची. मी तिच्या आईचं माप लिहून दिलं होतं. विचार करून नाही. हाताने लिहिलं. सव्वीस वर्षं तिच्या विजारी शिंप्याकडे मीच टाकत होतो, आकडे पाठ होते.

लेक खाली उतरली. अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आईच बसलेली हवी होती."

मी नाही म्हणायला हवं होतं. 

२३ मार्च

लेक ताट घेऊन तिच्या खोलीत गेली. दोन खोल्यांत दोन दिवे.

२४ मार्च

बाईंचा फोन. मी माफी मागायला लागलो तर मध्येच तोडलं. "अहो, घोड्याचं माप चुकलं असतं तर सांगाडा फेकून द्यावा लागला असता. माणसाचं चुकलं तर उसवून शिवता येतं. झडपा बदलते, टेकू मागे घेते, बैठक भरून लहान करते. चार दिवस. पण या वेळी माप बघून लिहा."

२५ मार्च

कामावरची फीत घेऊन लेकीच्या दाराशी गेलो. म्हटलं, "माप घ्यायचंय."

"माझं मी घेईन."

"कमरेपासून गुडघ्यापर्यंत स्वतःचं घेता येत नाही. वाकलं की बदलतं."

ती खुर्चीवर ताठ बसली. मी गुडघ्यावर बसून फीत लावली. शाळेचा गणवेश शिवायचा तेव्हाही तिची आईच घ्यायची. मी कधीच नाही. डाव्या गुडघ्यावर एक जुनी खूण आहे. विचारलं, ही कशाची? म्हणाली, सायकल, चौथीत. तुम्ही कवळ्यांच्या संमेलनाला गेला होतात.

दोन्ही पायांचं घेतलं. उजवा अर्धा सेंटिमीटर लांब आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "असं कुणाचं असतं का?"

"सगळ्यांचं असतं. जबडेही दोन बाजूंना सारखे नसतात."

मी लिहिलेले आकडे तिने स्वतः तपासले. मग म्हणाली, "मलाही तीच हवी होती, बाबा. खोगिरावर बसले की वाटायचं, पुढे आई बसलीय आणि मी मागे. म्हणून मी नीट बसतच नव्हते."

मी फीत गुंडाळत राहिलो. ती आपोआप परत उलगडायची आणि मी परत गुंडाळायचो. शेवटी लेकीने माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली.

२९ मार्च

झडपा बदलून आल्या. गुडघा टेकूत बसला. बाईंनी लेकीला मागून, बाजूने, पुढून बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मास्तर म्हणतात ते त्यांचं पैकीच्या पैकी.

पहिला अडथळा गुडघ्याएवढाच ठेवला. पहिलवान आला, आणि सवयीने थांबला. दुखत नसलं तरी दुखेल म्हणून. मास्तर म्हणाले, "लगेच विश्वास नाही बसायचा त्याचा. परत आणा."

दुसऱ्यांदा वेग कमी केला, पण थांबला नाही. अडथळ्याच्या अगदी तोंडाशी येऊन बेडकासारखा उडाला, गरजेपेक्षा दुप्पट उंच. लेक हवेत, पण बसलेली. पलीकडे उतरल्यावर स्वतःच दचकल्यासारखा झाला. मग कान पुढे करून पुढचा अडथळा शोधायला लागला.

बाई माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, "आठवड्यातून एक दिवस येता का माझ्याकडे? साचे काढायला. एक घोडी आहे, तिची पाठ मला तीन वर्षं कळत नाहीये."

विचार करून सांगतो म्हणालो. विचार काही केला नाही. जाणार आहे.

३१ मार्च

चाचणी झाली. चारही ओलांडले. तिसऱ्याला मागचा पाय घासला, दांडा हलला, पडला नाही.

पहिलवानाच्या दारावरच्या पाटीवर स्वार म्हणून अजून लेकीच्या आईचंच नाव होतं. मास्तरांनी ओलं फडकं लेकीकडे दिलं. तिने माझ्याकडे. मी पुसलं.  नवं नाव लेकीने स्वतः लिहिलं. अक्षर माझ्यासारखंच, वाईट.