बाबांच्या टाकीला उजेड किती?

३ मार्च १९९१, अंबरनाथ

बाबा रिटायर झाले आणि घरात मासे आले! कारखान्यातल्या मंडळींनी निरोपाला घड्याळ दिलंच नाही — चक्क काचेची टाकी दिली, आत मासे आणि खरीखुरी झाडं. "घड्याळ बघून आता करणार काय?" बाबांचे दोस्त महिपतीकाका भाषणात म्हणाले. सगळे हसले, बाबा सोडून.

मला धास्ती होती, घरी बसून खचतील. पण स्वारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसते ती हलत नाही! पेपरसुद्धा बंद केला — "वाचून काय होतंय, सगळ्या थापा." काकांनी मला बाजूला घेऊन बजावलंय, झाडं जगव, झाडं गेली की मासेही जातील. मग बाबा काय बघत बसणार?

९ मार्च

बाबा म्हणतात, टाकीत अंधार आहे. खरंच की! झाकणात लाल झिरोचा दिवा — मासे टोमॅटोच्या सारात पडल्यासारखे दिसतात. काढला. साठचा बल्ब लावला.

१० मार्च

पाणी कोमट! आई म्हणाली, "अंजे, कालवण करायचंय तर तसं सांग, मसाला वाटते."

२४ मार्च

उल्हासनगरला कॅम्पात जाऊन दोन फुटी ट्यूब आणली. दुकानाचे परसरामशेठ म्हणाले, "बेटी, बल्ब तो पानी गरम करता है. झाडाला ट्यूब पाहिजे. एकच ट्यूब, आठ घंटा, बस. जास्ती दिया तो काई धरेल."

लावली — अहाहा! पानांच्या शिरा मोजाव्यात असा उजेड. आई, मी, शेजारच्या राजाबाई, सगळ्या बघत उभ्या. बाबा मात्र, "ठीक आहे. जरा कमीच पडतोय."

आता बाबा म्हणाले म्हणजे झालंच. उभी हयात मालाच्या तपासणीत गेली, केसाएवढी चीर त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही. साहेबही वाद घालत नसत, तिथे मी कोण? स्वयंपाकघरातली ट्यूब काढून टाकीला दुसरी लावली. आई त्या लाल झिरोच्या उजेडात भाकऱ्या थापते आणि माझा उद्धार करते. करपलेली कुठली, ते ताटात पडल्यावरच कळतं.

१४ एप्रिल

जयंती! दिवसभर पाहुणे. टाकीचं केवढं कौतुक! बाबा ऐटीत. लेझीम खेळून पाय गेले माझे. झोपते.

२० एप्रिल

काई! काचेवर, दगडांवर, पानांवर — सगळीकडे हिरवं शेवाळ. मोठं झाड सडायला लागलंय. शेठचं ऐकायला हवं होतं. आणि बाबांनी काय म्हणावं? "अजून एक ट्यूब बसेल का गं?"

भडकलेच मी! "बाबा, उजेडानंच मरतायत झाडं! तुमचं समाधान तरी कधी होणार?"

बाबांनी खुर्ची टाकीच्या आणखी जवळ ओढली. जेवायलाही उठले नाहीत. फार वाईट वाटलं. पण एक ट्यूब काढलीच.

२८ एप्रिल

नवं पान फुटलं! इवलंसं, पोपटी. काई ओसरतेय. ट्यूब परत मिळाल्यामुळे आईची भाकरी पांढरी, आईही खूश. बाबांना हाताला धरून पान दाखवलं. "छान," म्हणाले. अजून रागावलेत वाटतं.

५ मे

संध्याकाळी मी टाकीचं झाकण ट्यूबसकट काढून स्वयंपाकघरात पुसत बसले होते. पुसून बाहेर आले तर बाबा आपल्या जागेवर, टाकीसमोर. माझी चाहूल लागली तसे हसून म्हणाले, "आज मात्र उजेड झकास पडलाय हं, बाय! आता काही बदलू नकोस."

झाकण माझ्या हातात होतं. ट्यूबही.

मी चिडेन म्हणून म्हणाले ते. मला रडूच आवरेना. उद्या रजा टाकते आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते.