केसमधला केस

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

आम्ही इकडे ठीक, तूही ठीक असशील असं धरून चालते. बाबांचा गुडघा बरा आहे, कुरकुर मात्र पूर्वीइतकीच आहे. दुकानाच्या शटरला रंग दिला. बाबांनी निळा सांगितला होता, रंगाऱ्याने हिरवट फासून ठेवला, आणि आता बाबा येईल त्याला ऐकवतात की खोल पाण्याचा रंग असाच असतो.

तुझी पाण्यातल्या कॅमेऱ्याची केस मिळाली, कॅमेऱ्यासकट. "आत ओल येते, रबरी कडी बदलून शनिवारच्या आत पाठव," असं तू म्हणालीस खरं, पण तुझ्या मापाची कडी सध्या माझ्याकडे नाही. मागवली आहे. कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा शनिवारचं मनात धरून बसू नकोस.

कडीच्या खाचेत एक केस सापडला. लांब, टोकाला दुभंगलेला, म्हणजे तुझाच. "केसमध्ये केस गेला की कॅमेरा गेला," असं बाबा म्हणायचे आणि आपण दोघी खिदळायचो, आठवतं? ते खरोखर चिडायचे. कामाला बसायच्या आधी आपल्या दोघींचे केस इतके घट्ट बांधायचे की भुवया वर जायच्या. तू तर कडी बसवताना श्वाससुद्धा रोखून धरायचीस. तुझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, म्हणून जरा नवल वाटलं. असो.

आणि हो, मागे तू फोनवर सहज विचारलं होतंस की वर्षभर पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्यातले फोटो वाचतात का. नाही वाचत. पार निकामी होतात. तो विषय सोडून दे.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


गुरुवार, ७ नोव्हेंबर

चिंगे,

काल फोनवर तू म्हणालीस, "कड्यांच्या गोष्टी मला सांगू नकोस ताई, तुझ्या खणात ढिगानं पडल्यात. माझी केस आहे, मला परत दे." आणि ताडकन फोन ठेवलास. बाबा शेजारीच बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं हे या घरावर उपकारच आहेत. "काय म्हणतेय धाकटी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मजेत आहे."

बरं, खोटं बोलले. कडी होती. ती मी पहिल्याच दिवशी बदलली, केस टबात बुडवून पाहिली, एक बुडबुडा नाही. आता ती माझ्या टेबलावर आहे आणि मी दुसरी कामं हातात घेते नि खाली ठेवते.

पण खोटं बोलणारी मी एकटी नाही.

एका केसाच्या वाटेने पाणी थेंबाथेंबाने आत येतं. पहिला थेंब आला की आतला लाल दिवा लुकलुकायला लागतो, आणि दिवा लागला की हातातलं सोडून वर यायचं, हे तुला मी शिकवायची गरज नाही. तुझ्या केसमध्ये मात्र नखभर उंचीची पाण्याची रेघ उमटली आहे. कॅमेरा तिच्या वर कोरडा राहिला हे नशीब. म्हणजे दिवा लुकलुकत होता, डोळ्यांसमोर होता, आणि तू खालीच राहिलीस. कशाला गं?

शिवाय स्क्रूच्या आट्यांत पांढरा चिखल आहे. त्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत तुम्ही लोक मधल्या टप्प्यापर्यंत उतरता, तिथे नुसता काळा दगड. पांढरा चिखल फक्त तळाला आहे. मला हे ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षी तुझ्या लंबूला वर आणलं तेव्हा त्याच्या हातमोज्यांवर तोच होता.

मी तुमच्या पाणबुड्यांच्या क्लबच्या मास्तरांना फोन केला. तुझ्याबरोबर कोण उतरतं, असं विचारलं. ते गोंधळले. "ती तर महिनाभर रजेवर आहे," म्हणाले. एकटी उतरतेस तू, चिंगे. ज्या पाण्यात तुझा नवरा गेला त्याच पाण्यात, त्याच्यासारखीच एकटी.

मी केस पाठवणार नाही. काय चिडायचं ते चिड.

ताई


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

माझ्या चिंगे,

हे पत्र आणि केस मास्तर तुझ्या हातात देतील. ते आज सकाळी गाडी काढून इथे आले. हो, केस पाठवते आहे. काल तावातावाने लिहिलं खरं, पण अडवून ठेवली तर तू साधी बॅटरी घेऊन उतरशील. तुला मी ओळखते, लहानपणी खोलीत कोंडलं की तू खिडकीतून बाहेर पडायचीस.

कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र मी काढून घेतलं आहे. त्यातले फोटो मी पाहिले. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. नुसता चिखल. वरून फ्लॅश टाकून काढलेला, एकामागून एक, सगळा तळ. तेव्हा मला तुझी युक्ती कळली. खाली पाय लागला की गढूळ होतं, काही दिसत नाही, म्हणून तू वरूनच फोटो काढतेस आणि घरी येऊन शोधतेस. लंबूचा कॅमेरा शोधतेस. तो वर आला, त्याचा कॅमेरा आला नाही.

तुम्ही त्या सकाळी भांडलात, तू घरी थांबलीस, तो एकटाच गेला. हे तू मला एकदाच सांगितलंस आणि मी चहा करायला उठले.

आता ऐक. तू ते फोटो कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर पाहिलेस. मी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर पाहिले. एका फोटोच्या कोपऱ्यात, चिखलातून वर आलेली, बोटाएवढी केशरी मूठ दिसते आहे. त्याच्या केसची मूठ मीच रंगवली होती. "इतका भडक रंग कुणी लावतं का?" म्हणून तो किती हसला होता. चिंगे, ती तीच आहे.

तो फोटो पुसून टाकावा असं वाटलं. बटणावर अंगठा ठेवून बसले होते. बाबांनी विचारलं, "काय झालं गं, अशी थिजल्यासारखी?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा. ते म्हणाले, "पुसू नकोस. पण तिला एकटीला देऊ नकोस."

आणखी एक. फोटो निकामी होतात, असं मी लिहिलं ते खोटं होतं. कार्ड वाचू शकतं. माझ्या हातून वाचलेली आहेत. त्यात त्याचे शेवटचे फोटो असतील, नसतीलही. पण तो तुझ्यावर रागावून गेला की नाही, हे त्यात दिसणार नाही गं. दगड दिसेल, मासे दिसतील. तेवढ्यासाठी मला तुला गमवायचं नाही.

तर असं ठरवलं आहे. रविवारी मी कार्ड घेऊन येते. मास्तर आणि त्यांचा जोडीदार दोर बांधून उतरतील, जागा मी त्यांना फोटोंच्या क्रमावरून दाखवीन, दोर मी धरीन. तू माझ्याशेजारी काठावर बसायचंस. उद्या शनिवार आहे. केस तुझ्याजवळ आहे, खाण तुझ्या दारात आहे, आणि मी इथे आहे. मी तुला अडवू शकत नाही. फक्त सांगते की आता शोधायचं काही उरलेलं नाही, ते सापडलं आहे.

त्याची केस वर आली की ती मी उघडणार नाही, मास्तरही उघडणार नाहीत. ती तू उघडायचीस, तुझ्या हाताने.

रविवारी केस बांधून ये.

वाट बघणारी,
ताई